राखेची साक्ष आणि साक्षीदारांचे शिक्षण

एखाद्या बाजारपेठेत मध्यरात्री आग लागते, दहा-बारा दुकाने बेचिराख होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत 'आगीचे कारण शॉर्टसर्किट असावे, असा प्राथमिक अंदाज आहे' हे वाक्य ठरल्याप्रमाणे छापून येते. या वाक्याची आता इतकी सवय झाली आहे की, प्राथमिक अंदाजानंतर अंतिम असे काही बाहेर येते की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. वाचकाच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपते. ज्याचे दुकान जळाले त्याच्या दृष्टीने मात्र ते तेथून सुरू होते. कारण त्या एका शब्दावर त्याचा विम्याचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. आणि शॉर्टसर्किटऐवजी 'संशयास्पद' हा शब्द कोठे लिहिला गेला, तर भरपाई मागणारा मनुष्य एका रात्रीत आरोपी होऊ शकतो.

हा शब्द कोण लिहितो, याचा विचार क्वचितच होतो. पोलिसांचा पंचनामा असतो, अग्निशमन दलाचा दाखला असतो, विद्युत निरीक्षकाचा अहवाल असतो. परंतु विम्याच्या व्यवहारात निर्णायक वजन असते ते सर्वेक्षकाच्या अहवालाला. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली समाविष्ट झालेल्या ६४-यूएम या कलमाने नुकसानीची पाहणी आणि मूल्यमापन परवानाधारक सर्वेक्षकाकडून करून घेण्याची पद्धत कायद्यात पक्की केली. सर्वेक्षकाचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, सबळ कारण असेल तर त्यापासून दूर जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात २००९ मध्ये स्पष्ट केले. पण दूर जाण्यासाठी अहवालात चूक कोठे आहे हे कोणाला तरी दिसावे लागते. ग्राहक आयोगांपुढील कामकाज बहुतांशी शपथपत्रांवर चालते. तेथे तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी होण्याचे प्रसंग थोडेच. परिणामी जो अहवाल कायद्याने अखेरचा नाही, तो व्यवहारात पुष्कळदा अखेरचा ठरतो.

आता या साखळीतील माणसांच्या तयारीकडे पाहावे. सर्वेक्षक हा अभियंता किंवा हिशेबनीस असतो. जळालेल्या मालाची किंमत किती, यंत्राचा घसारा किती, अवशेषांचे किती रुपये येतील, हे तो उत्तम सांगू शकतो. त्याच्या विद्येचा तो गाभाच आहे. परंतु आग कोठे लागली, का लागली आणि कशी पसरली, हा प्रश्न हिशेबाचा नाही. तो रसायनशास्त्राचा आणि उष्णतेच्या गतीचा आहे. दाव्याची फाईल ज्याच्या टेबलावर येते तो विमा कंपनीचा अधिकारी बहुधा वाणिज्य शाखेचा असतो. वकिलाने पुराव्याच्या कायद्यातील तज्ज्ञाच्या साक्षीचे कलम विद्यार्थिदशेत वाचलेले असते. तज्ज्ञ काय सांगतो हे तपासण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. आणि न्यायाधीश हा याच वकिलांतून आलेला असतो. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलाला सनद दिली. ती मिळाल्यावर ठराविक वर्षांनी पुन्हा अभ्यास करून दाखवलाच पाहिजे, असा दंडक त्या कायद्यात घातला नाही. महाराष्ट्रातील डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पुनःशिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, सनदी लेखापालाला दरवर्षी ठरावीक तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. मनुष्याचे स्वातंत्र्य आणि आयुष्याची कमाई ज्याच्या हाती असते त्या वकिलाला मात्र पंचविसाव्या वर्षी शिकलेल्या विद्येवर पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत निर्वेधपणे काम करता येते.

विद्या स्थिर राहिली असती तर यात फारसे बिघडले नसते. परंतु आगीच्या तपासाची विद्या गेल्या तीन-साडेतीन दशकांत मुळापासून बदलली आहे. तो बदल अमेरिकेत झाला आणि त्याची किंमत तेथील माणसांनी मोजली. म्हणून तेथील अनुभव थोड्या विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आगीचा तपास ही तेथे एक परंपरागत कारागिरी होती. जुना तपासनीस नव्याला घटनास्थळी नेई आणि राखेतील खुणा दाखवी. खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले की आग अतिशय वेगाने तापली, अर्थात पेट्रोलसारखे काही वापरले गेले. जमिनीवर ओघळासारखे डाग दिसले की तेथे द्रव ओतला गेला. काँक्रीटचे पापुद्रे उडाले की तेच. लाकडावरील कोळशी सुसरीच्या पाठीसारखी मोठ्या चकाकत्या चौकटींची झाली की तेच. हे सर्व आडाखे प्रशिक्षणवर्गांतून शिकविले जात, पुस्तकांत छापले जात आणि न्यायालयांत शपथेवर सांगितले जात. त्यांची प्रयोगाने परीक्षा घ्यावी, असे फार थोड्यांना वाटले.

ती परीक्षा घडली ती काहीशा योगायोगाने. १९९० साली फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल शहरात एका घराला आग लागून सहाजण मरण पावले. मुलाने कोच पेटविला, असे घरमालकाचे म्हणणे होते. जमिनीवरील खुणा मात्र द्रव ओतल्याची साक्ष देत होत्या. सरकार पक्षाने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी एक असामान्य गोष्ट केली. शेजारीच तशाच बांधणीचे एक रिकामे घर होते. ते त्यांनी तशाच सामानाने सजविले आणि केवळ कोचाला काडी लावून पेटविले. पाच मिनिटांच्या आत खोलीतील प्रत्येक वस्तू पेटली आणि विझविल्यानंतर जमिनीवर अगदी तशाच खुणा दिसल्या. द्रवाचा एक थेंबही वापरलेला नसताना. घरमालकावरील आरोप मागे घेण्यात आले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटून हजारो घरे जळाली. तेथील पन्नास घरांची पाहणी जॉन लेंटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ही घरे कोणी पेट्रोल ओतून जाळलेली नव्हती, हे सर्वांना ठाऊक होते. तरी जाळपोळीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ खुणा तेथे सापडल्या. काचेवरील बारीक तड्यांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला तेव्हा ते आगीच्या वेगाने पडत नाहीत, तर तापलेल्या काचेवर बंबाचे पाणी पडल्याने पडतात, हे सिद्ध झाले. म्हणजे जी खूण आग लावणाऱ्याची म्हणून सांगितली जात होती, ती वास्तविक आग विझविणाऱ्याची होती.

याचे शास्त्रीय कारण समजण्यास अवघड नाही. बंद खोलीत आग लागली की तापलेला धूर छताखाली साठतो. तो सुमारे पाचशे ते सहाशे अंशांपर्यंत तापला की त्याची उष्णता खाली फेकली जाऊन खोलीतील सतरंजी, गादी, कागद, सारे काही काही क्षणांत एकाच वेळी पेट घेते. या घटनेला 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. त्यानंतर आग कोठे अधिक जळेल हे ती कोठे लागली होती यावर अवलंबून राहत नाही. हवा कोठून येते यावर अवलंबून राहते. दारापाशी आणि खिडकीखाली जमीन खोल जळते, ती तेथे कोणी रॉकेल ओतले म्हणून नव्हे, तर तेथे प्राणवायू मिळतो म्हणून.

हे ज्ञान छापील स्वरूपात यावयास १९९२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने आगीच्या तपासाची '९२१' या क्रमांकाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. परंतु त्याच वर्षी टेक्सासमध्ये कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम या तरुणास जुन्या आडाख्यांच्या आधारे देहदंड सुनावण्यात आला. २३ डिसेंबर १९९१ रोजी कॉर्सिकाना या गावी त्याच्या घराला आग लागून त्याच्या तीन लहान मुली दगावल्या होत्या. तपासनिसांनी काचेचे तडे दाखविले, जमिनीवरचे ओघळ दाखविले, उंबऱ्याखालची कोळशी दाखविली. तुरुंगातील एका कैद्याची साक्षही त्याच्याविरुद्ध होती, हे खरे. पण ही आग लावलेली होती याचा आधार या खुणांखेरीज दुसरा नव्हता. खुणांचा अर्थ चुकीचा आहे, असे जेरल्ड हर्स्ट या रसायनतज्ज्ञाने शिक्षेच्या अंमलबजावणीपूर्वी लेखी कळविले. त्याचा उपयोग झाला नाही. १७ फेब्रुवारी २००४ रोजी विलिंगहॅमला मृत्युदंड देण्यात आला. त्याच वर्षी, त्याच राज्यात, अर्नेस्ट विलिस नावाचा कैदी अशाच प्रकारच्या पुराव्यावरून सतरा वर्षे बंदिवासात काढून सुटला. त्याची शिक्षा अन्य कारणांनी रद्द झाल्यावर सरकारी वकिलाने नव्याने खटला चालविण्यापूर्वी जुना पुरावा तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि खटला मागे घेतला. विलिंगहॅम निर्दोष होता असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. परंतु २००९ मध्ये टेक्सासच्या न्यायसहायक विज्ञान आयोगासाठी क्रेग बेलर यांनी दिलेल्या अहवालात, आग लावलेली होती या निष्कर्षाला शास्त्राचा आधार नव्हता, असे निःसंदिग्धपणे नमूद आहे. एका राज्यातील या दोन कैद्यांमध्ये जो फरक पडला, तो राखेत नव्हता. एकाच्या फाईलवर बसलेल्या वकिलाला नवे शास्त्र ठाऊक करून घेण्याची बुद्धी झाली, दुसऱ्याच्या बाबतीत ती कोणाला झाली नाही.

विम्याच्या क्षेत्रातही हाच संघर्ष झाला आणि तो एका परीने अधिक बोलका आहे. फ्लॉरिडातील बेनफिल्ड नावाच्या एका महिलेचे घर जळाले. विमा कंपनीने आग लावलेली आहे असे म्हणून भरपाई नाकारली. कंपनीच्या तपासनिसाला आपल्या निष्कर्षाचा शास्त्रीय आधार न्यायालयात सांगता आला नाही आणि त्याची साक्ष वगळण्यात आली. अपिलात अमेरिकेतील जाळपोळ-तपासनिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने न्यायालयाला असे विनविले की, आगीचा तपास हे शास्त्रच नव्हे, तेव्हा शास्त्राचे निकष त्याला लावू नयेत! एखाद्या व्यवसायाने आपली विद्या ही विद्या नाही असा दावा भर न्यायालयात करावा, याचे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने साक्ष वगळण्याचा निर्णय कायम ठेवला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच संघटनेने '९२१' ला मान्यता दिली आणि पुढे सभासदांच्या पुनःशिक्षणाची मोठी व्यवस्था स्वतःच उभी केली. न्यायालयाने दार बंद केल्यावर व्यवसायाला पुस्तक उघडावे लागले, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

तरीही केवळ वर्ग भरविले म्हणजे ज्ञान आले, असे मात्र नाही. २००५ साली लास व्हेगास येथे त्रेपन्न तपासनिसांपुढे एक साधी परीक्षा ठेवण्यात आली. सजविलेल्या दोन खोल्या पेटविल्या, फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटे जळू दिल्या आणि विझविल्या. खोलीच्या चार भागांपैकी आग कोणत्या भागात लागली एवढेच सांगावयाचे होते. पहिल्या खोलीबाबत त्रेपन्नांपैकी तिघांचे उत्तर बरोबर आले. दुसऱ्या खोलीबाबतही तिघांचेच. डोळे मिटून चारांतील एक भाग निवडला असता तरी तेरा-चौदाजण बरोबर आले असते. हे लोक अडाणी नव्हते. अनेकांनी वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेले होते. किंबहुना चुकीचे आडाखे प्रशिक्षणातूनच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले होते. पुनःशिक्षणाची मागणी करणाऱ्यांनी हा आकडा विसरता कामा नये. प्रश्न शिक्षण हवे की नको एवढाच नाही. ज्या शिक्षणात शिकविणाऱ्याचीही परीक्षा होते, तसे शिक्षण हवे की नुसती प्रमाणपत्रे, असा आहे.

भारतात असे खटले गाजत नाहीत, याचा अर्थ असे प्रमाद होत नाहीत असा कोणी घेऊ नये. येथे ते उघडकीस आणणारी यंत्रणाच क्षीण आहे. आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले तर किती काळ जातो, याचे उदाहरण गोव्यातच आहे. झुआरी इंडस्ट्रीजच्या खत कारखान्यात जानेवारी १९९९ मध्ये मुख्य विद्युत फलकात शॉर्टसर्किट झाले. त्यातून उठलेल्या ठिणगीच्या उष्णतेने फलकाचा रंग करपला, धूर शेजारच्या कप्प्यात गेला, कारखान्याच्या जनित्राचा पुरवठाही तुटला आणि वीज बंद पडून पाणी न मिळाल्याने बाष्पक तापून निकामी झाला. आगीचा विमा होता. विमा कंपनीचे म्हणणे, टिकून राहिलेली आग लागलीच नाही. नुकसानीचे निकटतम कारण म्हणजे काळाच्या दृष्टीने शेवटचे कारण नव्हे, तर प्रभावी कारण. आणि आग क्षणभराची असली तरी ती आगच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये दिला. घटनेनंतर दहा वर्षे उलटून गेली होती. मोठा कारखाना दहा वर्षे दम धरू शकतो. सराफकट्ट्यावरील किंवा भाजी मंडईमागील दुकानदार धरू शकत नाही.

या खटल्यातही 'फ्लॅशओव्हर' हाच शब्द वारंवार येतो. पण येथे त्याचा अर्थ दोन विद्युतवाहकांमध्ये हवेतून उडणारी ठिणगी असा आहे; जळत्या खोलीतल्या फ्लॅशओव्हरशी त्याचा काही संबंध नाही. शब्द एक, शास्त्रे दोन. ज्या वकिलाला हा भेद ठाऊक नाही, तो अमेरिकन पुस्तकातील उतारा भारतीय विद्युत फलकाला लावून मोकळा होईल आणि त्याला अडविणाराही समोरच्या बाकावर असेलच असे नाही. वृत्तपत्रे तरी कोठे मागे आहेत? 'फॉरेन्सिक' या शब्दासाठी सर्रास 'न्यायवैद्यक' लिहिले जाते. वास्तविक वैद्यक हे या विज्ञानाचे एक अंग आहे. जळालेल्या तारेचा आणि खोट्या सहीचा वैद्यकाशी काय संबंध? शासनाने 'न्यायसहायक विज्ञान' हा चांगला शब्द योजलेला असताना तो रुळू नये, हे चमत्कारिक आहे.

शॉर्टसर्किटच्या सर्वमान्य कारणाचेच पाहा. जळालेल्या जागेत तांब्याच्या तारेला टोकाशी गोल मणी आलेला दिसला की शॉर्टसर्किट सिद्ध झाले, असे मानण्याची पद्धत आहे. परंतु बाहेरून आलेल्या आगीने तारेवरचे आवरण जळाले आणि तारेत वीज चालू असली, तर दोन तारा एकमेकींना चिकटून नेमका तसाच मणी तयार होतो. मणी असला म्हणजे तेथे वीज खेळत होती एवढेच निश्चित होते. आग तारेने लावली की तारेला लागली, हे त्याने ठरत नाही. ते ठरविण्यासाठी फ्यूज, स्विच आणि मीटर यांची स्थिती, अशा मण्यांच्या जागांचा नकाशा आणि आगीचा प्रवास यांची सांगड घालावी लागते. हे काम ढिगारा उपसण्यापूर्वी करावे लागते. आणि येथे तर सर्वेक्षक पोहोचतो तोवर दुकानदाराने किंवा नगरपालिकेने ढिगारा उपसलेला असतो.

विदर्भातील किंवा खानदेशातील जिनिंगमधल्या आगीचा विषय आणखी निराळा. सरकी काढताना खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात जाऊन ठिणगी उडते, ती रुईबरोबर गाठीत दाबली जाते आणि गाठ आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते. ती गोदामात जाऊन रात्री पेटते तेव्हा तेथे ना दिवा असतो, ना मनुष्य. अशा आगीचे कारण सापडत नाही म्हणून ती कोणीतरी लावली असली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनभिज्ञ तपासनिसाला होतो. इतर सर्व कारणे बाद झाली म्हणून उरलेले कारण खरे, त्याचा प्रत्यक्ष पुरावा नसला तरी चालेल, ही तर्कपद्धती शास्त्राला धरून नाही, असे '९२१' च्या २०११ च्या आवृत्तीने बजावले आहे. दाव्यांच्या फाईलींत मात्र ती अजून नांदत असेल, तर त्यात नवल नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. लावलेली आग अपघाताच्या नावाखाली खपून जाते, तीही याच अज्ञानामुळे. रॉकेल किंवा पेट्रोल ओतल्याचा खरा पुरावा डोळ्यांना दिसणाऱ्या डागांत नसतो, तो अवशेषांत मुरलेल्या वाफेत असतो. ते अवशेष घट्ट झाकणाच्या स्वच्छ पत्र्याच्या डब्यात ठेवावे लागतात. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून ती वाफ निघून जाते. पंचांच्या सह्यांची लाखबंद पिशवी प्रयोगशाळेत पोहोचते तेव्हा तिच्यावरील मोहोर शाबूत असते आणि आतला पुरावा उडालेला असतो. प्रयोगशाळा 'रॉकेलचा अंश आढळला नाही' असे प्रामाणिकपणे लिहिते. न्यायालयात त्याचा अर्थ 'रॉकेल नव्हते' असा लावला जातो. या दोन वाक्यांतील अंतर विचारणारा वकील तेथे नसला, तर गुन्हेगार सुटतो.

आणि हे केवळ गोदामांच्या बाबतीत घडते असे नाही. स्वयंपाकघरात जळून मेलेल्या सुनांची प्रकरणे महाराष्ट्राला नवीन नाहीत. अशा मृत्यूंनी समाज हादरला म्हणूनच १९८३ मध्ये सासरच्या छळाचे आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे स्वतंत्र कलम दंडविधानात आले. 'स्टोव्हचा भडका उडाला' हा बचाव त्या काळात पाठ होऊन गेला होता. स्टोव्हची टाकी फुटली आहे की शाबूत आहे, तीत रॉकेल किती उरले आहे, केसांत आणि न जळलेल्या वस्त्राच्या तुकड्यांत ते आहे की नाही, याची नोंद पहिल्या दिवशी झाली तरच पुढे सत्य सांगता येते. निष्पाप सासू तुरुंगात जाणे आणि खुनी नवरा मोकळा फिरणे, हे दोन्ही अन्याय पंचनाम्यातील एकाच रिकाम्या ओळीतून जन्म घेतात.

नव्या कायद्यांनी या प्रश्नाची निकड वाढविली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद केली. ती अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. घराला आग लावण्याचा गुन्हा त्यात येतोच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमाने तज्ज्ञाच्या मताचे जुने क्षेत्र 'अन्य कोणतेही क्षेत्र' या शब्दांनी आणखी रुंद केले. म्हणजे तज्ज्ञ वाढणार, त्यांचे अहवाल वाढणार. ते अहवाल तपासण्याची शक्ती वाढणार काय? तज्ज्ञाने केवळ निष्कर्ष सांगून भागत नाही, न्यायाधीशाला स्वतंत्रपणे विचार करता येईल असे निकष त्याने पुढे ठेवले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील सफरचंदांच्या एका प्रकरणात १९९९ मध्येच सांगितले आहे. निकष समजणारा मनुष्य खुर्चीत आणि बाकांवर नसेल, तर ते पुढे ठेवून काय होणार?

यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही, इतकी सामग्री एकट्या महाराष्ट्रात आहे. नागपुरास राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आहे. पुण्यास १९८० साली स्थापन झालेली राष्ट्रीय विमा अकादमी आहे. मुंबईत भारतीय विमा संस्था १९५५ पासून परीक्षा घेते. कालिन्यास राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि उत्तनला न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी न्यायिक अकादमी आहे. शेजारी गोव्यात, फोंड्यास, राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर सुरू झालेला आहे. परंतु अग्निशमन अधिकारी नागपुरात शिकतो, विमा अधिकारी पुण्यात, न्यायाधीश उत्तनला. आणि हे तिघे एकमेकांना भेटतात ते थेट खटल्यात, एक साक्षीदार म्हणून, एक पक्षकार म्हणून आणि एक निवाडा करणारा म्हणून. त्यापूर्वी एकदा तरी त्यांनी एकाच जळालेल्या खोलीत उभे राहून तिच्याकडे पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. तीन दिवसांचा अभ्यासक्रम असावा. त्यात व्याख्याने एक दिवस आणि प्रत्यक्ष पेटविलेल्या खोल्यांची तपासणी दोन दिवस व्हावी. अखेरीस लास व्हेगासप्रमाणे परीक्षा असावी. उत्तीर्ण झालेल्या सर्वेक्षकालाच आगीचे कारण सांगण्याचा अधिकार राहावा. इतरांनी नुकसानीचे मूल्यमापन करावे आणि कारणाचा रकाना मोकळा सोडावा. तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा. फौजदारी आणि ग्राहक खटले चालविणाऱ्या वकिलांना हाच अभ्यासक्रम खुला असावा आणि बार कौन्सिलने त्याला सक्तीचे नाही तरी गणनीय स्थान द्यावे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल आणि दुसरा, वकिलाने रसायनशास्त्र का शिकावे, असा. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: वकिलाने तज्ज्ञ व्हावयाचे नाही, त्याने तज्ज्ञाला चार प्रश्न नीट विचारावयाचे आहेत. खूण कोणती पाहिली, तिचा अर्थ प्रयोगाने कोणी सिद्ध केला, दुसरे कोणते कारण तपासले आणि नमुना कशात ठेवला. अर्धवट शिकलेला वकील तज्ज्ञाला नाहक छळील, ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु प्रामाणिक तज्ज्ञाला छळ सोसतो, अज्ञान सोसत नाही. खर्चाच्या आक्षेपात मात्र थोडे तथ्य आहे. तालुक्याच्या गावी मोटारीच्या छोट्या दाव्यांवर पोट भरणाऱ्या सर्वेक्षकाला पुण्या-नागपुराचा प्रवास आणि बुडालेले तीन दिवस परवडणार नाहीत. त्याच्यासाठी खर्चाचा भार कोणी तरी उचलला पाहिजे, आणि स्वाभाविकपणे बोट विमा कंपन्यांकडे जाते.

येथेच सावध राहावयास हवे. सर्वेक्षकाची नेमणूक कंपनी करते, त्याची फी कंपनी देते. उद्या त्याचे शिक्षणही कंपनीने, कंपनीच्या सभागृहात, कंपनीच्या वक्त्यांकडून करविले, तर 'खोटे दावे कसे पकडावेत' या एकाच विषयाभोवती ते फिरत राहील. विमा व्यवसायाच्या परिषदांमध्ये हा विषय आजही पुढे असतो आणि तो महत्त्वाचा नाही असेही नाही. पण खरा दावा खरा म्हणून ओळखणे ही त्याच विद्येची दुसरी अर्धी बाजू आहे आणि तिच्यासाठी पंचतारांकित हॉटेलात चर्चासत्र भरल्याचे ऐकिवात नाही. म्हणून पैसा कंपन्यांचा असला तरी अभ्यासक्रम नियामक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली, नागपूरच्या महाविद्यालयाने आणि कालिन्याच्या प्रयोगशाळेने ठरवावा. उत्तरपत्रिका त्यांनी तपासाव्यात. आणि प्रत्येक वर्गात विमाधारकांची बाजू मांडणाऱ्या वकिलांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात. हप्ता भरणाऱ्याच्या पैशातून हे शिक्षण होणार असेल, तर त्या खोलीत त्याच्या बाजूचा एक माणूस बसलेला असणे, एवढी अट घालण्याचा अधिकार त्याला आहे.